संमती, बळजोरी आणि फसवे वचन : विनयपिटकाच्या प्रकाशात एक विचार

१ जुलै २०२४ पासून १८६० च्या भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. नव्या संहितेच्या ६९ व्या कलमाने एक निराळा गुन्हा निर्माण केला आहे. कपटाने, किंवा पाळण्याचा हेतू नसताना विवाहाचे वचन देऊन, स्त्रीशी शरीरसंबंध ठेवणे हा तो गुन्हा होय. कृत्य बलात्काराच्या व्याख्येत बसत नसले तरी त्याला दहा वर्षांपर्यंत कारावास व दंड सांगितला आहे. नोकरीचे वा बढतीचे आमिष आणि ओळख लपवून केलेला विवाह यांचाही 'कपट' या शब्दात समावेश केला आहे.

या कलमाच्या मुळाशी असलेले प्रश्न फार जुने आहेत. संमती म्हणजे काय? ती शरीरावरून ओळखावयाची की मनावरून? भयाने दिलेला होकार आणि फसवणुकीने मिळविलेला होकार यांत अंतर किती? मोडलेले वचन आणि मुळातच खोटे असलेले वचन एकच काय? हे प्रश्न विनयपिटकातील प्रकरणांत प्रत्यक्ष उपस्थित झालेले आहेत आणि त्यांची उत्तरेही तेथे दिलेली आहेत. ती उत्तरे कोणती, त्यांच्या मर्यादा कोणत्या आणि आपल्या देशाच्या कायद्याने कोणता मार्ग चोखाळला, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. न्यायालयीन प्रकरणांतील पक्षकारांची नावे आम्ही हेतुतः लिहीत नाही. मुद्दा समजण्यास त्यांची आवश्यकता नाही.

१. 'सादियति' आणि 'छन्दसो'

विनयात या विषयाचा कणा असलेले क्रियापद 'सादियति' हे होय. रुची घेणे, स्वीकारणे, मनाने मान्य करणे असा त्याचा अर्थ आहे. हा शब्द केवळ कामविषयक नियमांत येतो असे नाही. सोन्यारुप्याविषयीच्या नियमातही तोच आहे. भिक्षूने सोने हातात घेतले नाही, कोणी त्याच्याजवळ नुसते आणून ठेवले, तरी त्याने ते मनाने स्वीकारले असेल तर दोष घडतो. स्वीकारले नसेल तर घडत नाही. हात काय करतो यापेक्षा मन काय करते हे येथे निर्णायक मानले आहे. विनयातील संमतीची कल्पना या भूमीवर उभी आहे.

दुसरा शब्द भिक्षुणी-पातिमोक्खातील आहे. मैथुनविषयक पहिला पाराजिक नियम भिक्षू आणि भिक्षुणी या दोघांनाही लागू आहे. परंतु भिक्षुणींच्या पाठात 'छन्दसो' हा एक शब्द अधिक आहे. 'स्वतःच्या इच्छेने' असा त्याचा अर्थ. आजच्या मराठीत 'छंद' म्हणजे आवड वा नाद एवढेच उरले आहे. पालीत तो इच्छेचा, अनुमतीचा शब्द आहे. संघकर्माला उपस्थित राहू न शकणारा आजारी भिक्षू आपली अनुमती दुसऱ्याकरवी पाठवितो, तिलाही 'छन्द' असेच म्हणतात. भिक्षुणीच्या नियमात हा शब्द असल्यामुळे जिच्यावर बळजोरी झाली ती या नियमाच्या कक्षेतच येत नाही. तिला अपवाद म्हणून क्षमा करण्याची गरजच उरत नाही.

२. उप्पलवण्णा थेरीचे प्रकरण

पाराजिककाण्डातील पहिल्या नियमाच्या विनीतवत्थूंत, म्हणजे निर्णयप्रकरणांत, उप्पलवण्णा थेरीचे प्रकरण येते. प्रसंग श्रावस्तीचा आहे. एक ब्राह्मण तरुण थेरीवर आसक्त होता. ती भिक्षाटनासाठी गेली असता तो तिच्या कुटीत शिरून लपून बसला. थेरी परतली, पाय धुऊन आत गेली आणि मंचकावर बसली. तेव्हा त्याने तिला धरून तिच्यावर अत्याचार केला. तिने ही गोष्ट भिक्षुणींना सांगितली, भिक्षुणींनी भिक्षूंना आणि भिक्षूंनी भगवंतांना. जिने मनाने स्वीकार केला नाही तिला आपत्ती नाही, असा निर्णय भगवंतांनी दिला.

या वृत्तांतात काय नाही, हेही पाहण्यासारखे आहे. थेरीने किती प्रतिकार केला, आरडाओरड केली काय, अंगावर जखमा होत्या काय, यांपैकी एकही प्रश्न विचारलेला नाही. तिचे पूर्वायुष्य चर्चेला आलेले नाही. ती एकटी का राहत होती, असा दोषारोप निर्णयात नाही. तिने सांगितले आणि तिचे सांगणे हेच निर्णयाला पुरेसे ठरले.

हा निर्णय एकाकी नाही. वैशालीच्या लिच्छवी कुमारांनी भिक्षूंना पकडून त्यांना भिक्षुणींशी बळेच दुराचार करावयास लावल्याचे प्रकरण त्याच ठिकाणी आहे. दोघांनीही मनाने स्वीकारले असेल तर दोघेही संघाबाहेर, दोघांनीही स्वीकारले नसेल तर दोघांनाही आपत्ती नाही, असा तेथील निर्णय आहे. म्हणजे पुरुषावरही बळजोरी होऊ शकते हे विनयकारांना ठाऊक होते. भद्दियाच्या जातियावनातील प्रकरण तर अधिक सूक्ष्म आहे. दिवसा झोपलेल्या एका भिक्षूच्या शरीराचा एका स्त्रीने उपभोग घेतला. त्या भिक्षूचे शरीर उत्तेजित होते, हे भिक्षूंच्या संशयाचे कारण. भगवंतांनी शरीराच्या अशा अवस्थेची पाच कारणे सांगितली. राग, म्हणजे कामवासना, हे त्यांतील केवळ एक; उरलेली चार निव्वळ शारीरिक आहेत. शरीराचा प्रतिसाद ही मनाची साक्ष नव्हे, हा सिद्धान्त यातून स्पष्ट होतो.

याच नियमाच्या विश्लेषणात संमतीचा विचार क्षणाक्षणाने केला आहे. वैरी भिक्षूवर बळजोरी करतात अशी कल्पना करून प्रवेश, प्रविष्ट, स्थिती आणि उद्धरण अशा चार अवस्था मानल्या आहेत. प्रत्येक अवस्थेत त्याने मनाने स्वीकारले काय, असा स्वतंत्र प्रश्न आहे. ही कसोटी भिक्षूच्या दृष्टीने कठोर आहे, कारण कोणत्याही एका अवस्थेतील स्वीकार दोषाला पुरेसा होतो. तथापि तिच्यातील तत्त्व मोलाचे आहे. मन प्रवाही आहे. आरंभी एकदा दिलेला वा न दिलेला होकार पुढील सर्व क्षणांवर लागू होत नाही.

अत्याचार करणाऱ्याचे काय? तो गृहस्थ असेल तर त्याला दंड देणे हे संघाचे काम नव्हते. ते राजाचे काम होते. परंतु संघाने आपल्या अधिकारात जे होते ते केले. महावग्गात भिक्षुणीला दूषित करणाऱ्यास उपसंपदेला कायमचे अपात्र ठरविले आहे आणि नकळत उपसंपदा दिली गेली असल्यास त्याला काढून टाकावयास सांगितले आहे. त्याची गणना मातृघातक, पितृघातक आणि अर्हतघातक यांच्या पंक्तीत केली आहे.

३. परंपरेच्या मर्यादा

एवढे सांगून थांबणे हे अभ्यासकाला शोभणारे नाही. विनयाची दुसरी बाजूही वाचकांपुढे ठेविली पाहिजे.

भिक्षुणींवर अत्याचार झाले तेव्हा त्यांना निर्दोष ठरविले, परंतु पुढील बंधने भिक्षुणींवरच आली. अरण्यात राहणाऱ्या भिक्षुणींना धूर्तांनी दूषित केले, म्हणून भिक्षुणीने अरण्यात राहू नये असा नियम झाला. साकेतहून श्रावस्तीस जाणाऱ्या दोन भिक्षुणींना नावाड्यांनी एकेकीस पलीकडे नेण्याच्या मिषाने वेगळे केले आणि दोघींवरही अत्याचार केला. म्हणून भिक्षुणीने एकटीने नदी ओलांडू नये असा नियम झाला. नियमांचा हेतू संरक्षणाचा होता, हे उघड आहे. तरीही अपराध्यामुळे पीडितेचा वावर आखडला, हेही तितकेच उघड आहे. धम्मपद-अट्ठकथेत मात्र एक निराळा धागा आहे. उप्पलवण्णेच्या प्रसंगानंतर भगवंतांनी पसेनदी राजास बोलावून भिक्षुणींसाठी नगरातच निवास बांधण्यास सांगितले, असे ती सांगते. संरक्षण ही राजसत्तेची जबाबदारी आहे, ही जाणीव येथे दिसते.

दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. आपण नित्य ग्रहण करतो त्या पंचशीलातील तिसऱ्या शीलाची व्याख्या अंगुत्तरनिकायातील चुन्दसुत्तात आली आहे. तीत मातेने, पित्याने, भावाने, बहिणीने वा आप्तांनी रक्षिलेल्या आणि पतीच्या अशा स्त्रियांशी गमन करणे हा मिथ्याचार सांगितला आहे. येथे स्त्री कोणाच्या रक्षणाखाली आहे हा प्रश्न मध्यभागी आहे, तिची स्वतःची इच्छा काय हा नाही. विनयातील संचरित्त-नियमाच्या विवेचनात दहा प्रकारच्या भार्या मोजल्या आहेत. धनाने विकत घेतलेली, वस्त्र वा भोग देऊन ठेवलेली, दासी असून भार्या झालेली, युद्धात ध्वजाखाली हरण करून आणलेली, अशी ती यादी आहे. या दहांत आपल्या छन्दाने राहणारी 'छन्दवासिनी' हा एकच प्रकार स्वेच्छेच्या नावाने ओळखला जातो. ही यादी त्या काळच्या समाजाचे चित्र आहे, आदर्श नव्हे; पण ते चित्र किती दारुण होते हे तिच्यावरून कळते.

मग शील आणि विनय यांतील हे अंतर कसे सांधावे? त्याचे साधन सुत्तपिटकातच आहे. संयुत्तनिकायातील वेळुद्वारेय्यसुत्तात भगवंतांनी वेळुद्वार गावच्या ब्राह्मण गृहपतींना आत्मौपम्याची कसोटी दिली. जे मला अप्रिय ते दुसऱ्यालाही अप्रिय; मग ते मी दुसऱ्यावर कसे लादावे? ही कसोटी तेथे हिंसा, चोरी, कामविषयक मिथ्याचार आणि असत्य यांना लावली आहे. श्रोते गृहपती असल्यामुळे मिथ्याचाराचे उदाहरण त्यांच्या पत्नींच्या संदर्भात आले. परंतु कसोटीतील 'दुसरा' म्हणजे स्त्रीचा पती वा पिताच, असा अर्थ घेण्याचे काहीच कारण नाही. तो दुसरा म्हणजे प्रथम ती स्त्रीच होय. हा अर्थ घेतला की तिसरे शील रक्षकाच्या हक्कावरून स्त्रीच्या मनावर येते आणि उप्पलवण्णेच्या निर्णयाशी त्याचा मेळ बसतो. शीलाचा हाच अर्थ आपण आपल्या घरांतून शिकविला पाहिजे, असे आमचे मत आहे.

४. मनुस्मृतीची कसोटी

तुलनेसाठी मनुस्मृती पाहावी. विनयात वैऱ्यांनी आणलेल्या स्त्रीच्या अवस्थांमध्ये जागी, झोपलेली, मद्यधुंद, वेडी आणि प्रमत्त असे भेद केले आहेत. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात सुप्त, मत्त आणि प्रमत्त हेच तीन शब्द येतात. तेथे अशा स्त्रीशी एकांतात गमन करणे याला 'पैशाच' विवाह असे नाव आहे. मनूने तो सर्वांत अधम व पापिष्ठ म्हटला, हे खरे. पण गणना मात्र विवाहाच्या आठ प्रकारांत केली. जी स्त्री होकार देण्याच्या स्थितीतच नव्हती तिच्यावरील अत्याचार विवाहाच्या यादीत बसविला गेला.

आठव्या अध्यायात कन्येच्या इच्छेचा विचार आहे, पण तो वर्णाच्या तराजूत तोललेला आहे. इच्छा नसलेल्या कन्येस दूषित करणाऱ्यास शारीर दंड आहे. मात्र उच्च वर्णाच्या पुरुषाकडे स्वतः जाणाऱ्या कन्येस दंड नाही. हीन वर्णाच्या पुरुषाकडे जाणारीस घरात कोंडून ठेवावे. हीन पुरुषाने उत्तम वर्णाच्या कन्येचा स्वीकार केला तर, तिची इच्छा असली तरी, तो वधास पात्र. समान वर्ण असेल तर शुल्क द्यावे, तेही पित्याची इच्छा असल्यास. म्हणजे कन्येच्या होकाराची किंमत त्या पुरुषाच्या जातीवर ठरते आणि शेवटचा शब्द पित्याचा असतो. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे या ग्रंथाचे दहन झाले. ते अस्पृश्यतेविरुद्ध होते तसेच स्त्रीच्या मनावर जातीची आणि पित्याची मालकी सांगणाऱ्या या विचाराविरुद्धही होते, हे विसरता कामा नये.

५. देसाईगंजचा खटला

आधुनिक कायदा या दोन कसोट्यांपैकी कोणत्या बाजूला उभा राहिला? आरंभीची बरीच वर्षे तो दोन्हींच्या मध्ये अडखळत होता. १८६० च्या संहितेच्या ३७५ व्या कलमात स्त्रीच्या इच्छेविरुद्ध व संमतीविना केलेला संभोग बलात्कार ठरविला होता. भयाने मिळविलेली संमती म्हणजे संमती नव्हे, हेही त्यात होते. पण झोकांड्या खाणाऱ्या, नशेतील वा भान हरपलेल्या स्त्रीचा होकार निरर्थक आहे, हे स्पष्ट सांगणारे कलम बलात्काराच्या व्याख्येत १९८३ पर्यंत आले नाही.

ते यावयास आपल्याच विदर्भातील एक आदिवासी मुलगी कारण झाली. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंज पोलीस ठाण्यात, तेव्हाच्या चंद्रपूर आणि आताच्या गडचिरोली जिल्ह्यात, दोन पोलिसांनी तिच्यावर अत्याचार केल्याचा आरोप होता. मुलगी पोरकी, मजुरी करणारी, जेमतेम चौदा ते सोळा वर्षांची. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये आरोपींना सोडले; तिला शरीरसंबंधाची सवय होती, हा मुद्दा त्या निकालात होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये तो निकाल फिरविला. भीतीपोटी पत्करलेली निमूट शरणागती म्हणजे संमती नव्हे, अशी त्या खंडपीठाची भूमिका होती. परंतु सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना पुन्हा मुक्त केले. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, तेव्हा संमती होती, असा तर्क केला गेला.

उप्पलवण्णेच्या निर्णयाशेजारी हा निकाल ठेवून पाहावा. तेथे न विचारलेला प्रत्येक प्रश्न येथे विचारला गेला. मनाऐवजी कातडीवर संमती शोधली गेली. पोलीस ठाण्याच्या बंद दाराआड, वर्दीतल्या दोन पुरुषांपुढे एका आदिवासी मुलीचे गप्प राहणे म्हणजे स्वीकार, असा अर्थ लावला गेला.

सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार विधी-अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. शरण जाणे आणि संमती देणे यांतील भेद त्यांनी दाखवून दिला. देशभर स्त्रियांची आंदोलने झाली. १९८३ च्या दुरुस्तीने कोठडीतील बलात्कार हा स्वतंत्र गुन्हा झाला, आणि अशा खटल्यात स्त्रीने संमती नव्हती असे सांगितल्यास ती नव्हती असे न्यायालयाने गृहीत धरावे, अशी तरतूद पुरावा कायद्यात आली. पीडितेच्या चारित्र्यावर बोट ठेवून तिची साक्ष खोटी पाडण्याची मुभा देणारे कलम २००३ मध्ये वगळले गेले. २०१३ च्या दुरुस्तीने संमतीची व्याख्या केली. ती निःसंदिग्ध व स्वेच्छेची असली पाहिजे, आणि केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती मानता येणार नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तथाकथित 'दोन बोटांची चाचणी' करणाऱ्यास गैरवर्तनाचा दोषी धरले जाईल असे बजावले.

अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार प्रतिबंधक कायद्याची वाटचालही येथे नोंदविली पाहिजे. १९८९ च्या मूळ कायद्यात दलित वा आदिवासी स्त्रीच्या इच्छेवर हुकूमत गाजविता येईल अशा स्थानाचा वापर करून तिचे लैंगिक शोषण करणे हा वेगळा गुन्हा होता. एरवी तिने ज्याला होकार दिला नसता ते तिच्याकडून करवून घेणे, हे त्याचे मर्म. शेतमालक आणि मजूर स्त्री, सावकार आणि ऋणको कुटुंब यांच्यातील 'होकार' किती मोकळा असतो, हे या कायद्याने ओळखले होते. २०१५ च्या दुरुस्तीने कलमांची फेरमांडणी केली आणि संमतीची स्पष्ट व्याख्या घातली. पूर्वीचे संबंध म्हणजे संमती नव्हे, हेही तीत लिहिले गेले.

एक दार मात्र अजून बंद आहे. अठरा वर्षांवरील पत्नीशी पतीने केलेला बळजोरीचा संभोग बलात्कार ठरत नाही, हा अपवाद नव्या संहितेतही कायम ठेवला गेला. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी पत्नीने पतीची मैत्रीण व बरोबरीची म्हणून उभे राहावे, दासी म्हणून नव्हे, असे सांगितले होते. दासीला नकाराचा अधिकार नसतो. मैत्रिणीला असतो.

६. खोटे वचन आणि मोडलेले वचन

आता फसवणुकीकडे वळू. १८६० च्या संहितेने कपटाची दखल घेतली, पण ती विवाहाच्या चौकटीत. पुरुष आपला पती आहे अशा समजुतीने स्त्रीने होकार दिला असेल तर तो बलात्कार. विधिवत विवाह झाल्याचा खोटा विश्वास देऊन सहवास केला तर तो ४९३ व्या कलमाचा गुन्हा. पुढे विवाहाचे वचन देऊन संबंध ठेवल्याचे खटले येऊ लागले. तेव्हा न्यायालयांनी ९० व्या कलमाचा आधार घेतला. वस्तुस्थितीविषयीच्या गैरसमजातून दिलेली संमती ही संमती नव्हे, आणि समोरच्याला तो गैरसमज ठाऊक असला पाहिजे, असे ते कलम सांगत होते.

सर्वोच्च न्यायालयाने २००३ पासूनच्या निकालांतून एक भेद हळूहळू स्पष्ट केला. २०१९ मधील महाराष्ट्रातील एका प्रकरणात तो नेमकेपणाने मांडला गेला. वचन देतानाच ते पाळण्याचा हेतू नसेल तर ते खोटे वचन. हेतू होता पण पुढे पाळले गेले नाही तर तो वचनभंग. पहिल्याने संमती दूषित होते, दुसऱ्याने होत नाही. शिवाय त्या खोट्या वचनाचा स्त्रीच्या निर्णयाशी थेट संबंध असला पाहिजे.

पालीच्या अभ्यासकाला हा भेद परिचित वाटेल. विनयात मुसावादाचे लक्षण तीन अंगांनी सांगितले आहे. बोलण्यापूर्वी 'मी खोटे बोलणार' हे ठाऊक असणे, बोलताना ठाऊक असणे आणि बोलून झाल्यावर ठाऊक असणे. असत्याचे मूळ अशा रीतीने बोलणाऱ्याच्या पूर्वहेतूत शोधले आहे. वचनाविषयी तर महावग्गाच्या वस्सूपनायिकाखन्धकात प्रत्यक्ष प्रकरण आहे. उपनन्द शाक्यपुत्राने पसेनदी राजास एका निवासात वर्षावास करण्याचा शब्द दिला आणि तो पाळला नाही. वचनभंगाबद्दल दुक्कट ही आपत्ती तेथे सांगितली आहे. पाचव्या शतकात बुद्धघोषाचार्यांनी समन्तपासादिकेत याचा उलगडा केला. शुद्ध चित्ताने शब्द देऊन नंतर मोडला तर दुक्कट. मुळातच अशुद्ध चित्ताने, फसविण्याच्या हेतूने दिला असेल तर त्या शब्दाबद्दल पाचित्तिय आणि न पाळण्याबद्दल आणखी दुक्कट. २०१९ च्या निकालातील भेद हाच आहे.

पण एक अंतर आहे, आणि ते महत्त्वाचे आहे. कायद्याच्या दृष्टीने शुद्ध हेतूचा वचनभंग करणारा सुटतो. विनयाच्या दृष्टीने तो पूर्ण सुटत नाही. त्याची आपत्ती लहान आहे, पण आहे. तुरुंगाला पात्र नसलेले प्रत्येक वर्तन निर्दोष असते असे नाही. आपल्या तरुणांना हे सांगणे अगत्याचे आहे.

धर्माच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीला विनयाने कडक आपत्ती लावली. श्रावस्तीत उदायी नावाच्या भिक्षूने एका श्रद्धावान विधवेला कामसेवेचे दान मागितले. चीवर आणि भोजन ही दाने सुलभ आहेत, दुर्लभ असे हेच दान द्यावे, असे त्याने तिला भासविले. ती श्रद्धेपोटी तयार झाली आणि त्याने तिचा अवमान करून तिला सोडले. तिने तक्रार केली. श्रमणाची सेवा म्हणून स्त्रीकडून मैथुनाची अपेक्षा व्यक्त करणे हा त्यामुळे चौथा संघादिसेस ठरला. येथे संभोग घडला नव्हता. श्रद्धेचा दुरुपयोग हाच दोष होता. चौथ्या पाराजिकात तर लोकोत्तर प्राप्तीचा खोटा दावा करून लोकांचे अन्न खाणाऱ्याला सर्वांत मोठा चोर म्हटले आहे. खोट्या शब्दाने मिळविलेले दान चोरीचे, तर खोट्या शब्दाने मिळविलेला देह कशाचा?

देवाच्या नावाने मुलींना मुरळी, जोगतीण करण्याच्या प्रथेलाही हेच म्हणावे लागते. ज्या वयात होकार-नकार कळत नाही त्या वयात देवाशी लग्न लावून पुढे गावाच्या वासनेला मोकळे करणे, ही श्रद्धेच्या वेषातील फसवणूक होती. १९३६ साली मुंबईत याच वर्गाच्या सभेत बाबासाहेबांनी त्यांना ते जिणे सोडण्याचे आवाहन केले. मुंबई प्रांतात १९३४ साली आणि महाराष्ट्रात २००५ साली या प्रथेविरुद्ध कायदे झाले.

७. जात ही 'वस्तुस्थिती' काय?

आता ज्या प्रश्नासाठी हा लेख लिहावासा वाटला त्याकडे येतो.

२००३ च्या कर्नाटकातील प्रकरणात मुलगी आणि मुलगा वेगवेगळ्या जातींचे होते. मुलगा ब्राह्मण होता. विवाहाच्या वचनावर विसंबून तिने संबंध ठेवले आणि ती गर्भवती झाली. सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष ठरविले. इतर कारणांबरोबर एक कारण असे होते की, जातीभेदामुळे या विवाहाला विरोध होईल हे तिला ठाऊक होते. हा तर्क बारकाईने पाहिला पाहिजे. जातीची भिंत मुलीला दिसत होती, म्हणून तिचा विश्वास संशयास्पद. पण तीच भिंत मुलालाही दिसत होती, आणि तरीही त्याने शब्द दिला. मग त्याच्या हेतूविषयी तोच प्रश्न तितक्याच कठोरपणे का विचारू नये? जात दोघांनाही माहीत असताना तिचे ज्ञान तिच्या विरुद्ध जाते आणि त्याचे ज्ञान त्याच्या विरुद्ध जात नाही, हा न्याय उफराटा आहे. 'घरचे तुझ्या जातीमुळे तयार नाहीत' हे वाक्य वस्त्यावस्त्यांतून अनेक मुलींनी ऐकले आहे. ते नंतर कळलेले सत्य असते की आरंभापासून खिशात ठेवलेली पळवाट, हे तपासल्याशिवाय शुद्ध चित्ताचा लाभ कोणालाही मिळू नये.

नाण्याची दुसरी बाजू ६९ व्या कलमातील 'ओळख' या शब्दात आहे. कोणती ओळख, हे त्या कलमात सांगितलेले नाही. आधीचा विवाह लपविणे, खोट्या नावाने वावरणे, दुसऱ्याच्या हुद्द्यावर मिरविणे ही फसवणूक आहे, याबद्दल दुमत नाही. पण जात लपविणे? आडनाव सांगितले की खोली मिळत नाही, म्हणून आडनाव न सांगणारे तरुण आपल्यात आहेत. अशा तरुणाचा विवाह मुलीच्या आईबापांना रुचला नाही तर हा शब्द त्याच्याविरुद्ध शस्त्र होऊ शकतो. मनूच्या आठव्या अध्यायातील दंड मग निराळ्या भाषेत परत येईल.

'जातिनिर्मूलन' या १९३६ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी जात ही विटामातीची भिंत नसून मनाची एक धारणा आहे असे प्रतिपादन केले आणि आंतरजातीय विवाह हा तिच्यावरील खरा उपाय मानला. कायद्याने या धारणेला संमतीची 'वस्तुस्थिती' म्हणून मान्यता देणे म्हणजे तिला पुन्हा विटामातीचे रूप देणे होय. म्हणून आमचे प्रतिपादन असे : कपटाची कसोटी फसविणाऱ्याच्या हेतूवर आणि आचरणावर बसवावी, जन्मावर नव्हे. सहजीवनात जोडीदाराला सत्य सांगणे हे शील आहे आणि जात लपविणाऱ्यानेही ते पाळावे. विश्वासाचा पाया असत्यावर घालू नये. परंतु शीलाची प्रत्येक त्रुटी हा तुरुंगाचा विषय नसतो. पाराजिक, संघादिसेस, पाचित्तिय, दुक्कट अशी आपत्तींची उतरंड विनयाने याचसाठी ठेविली.

८. समारोप

संमती कोठे असते, या प्रश्नाला भारतात दोन जुनी उत्तरे आहेत. एक सांगते की ती पित्याच्या, पतीच्या आणि जातीच्या हाती असते. दुसरे सांगते की ती त्या व्यक्तीच्या मनात असते आणि ते मन तिलाच विचारावे लागते. विनयपिटकाने दुसरे उत्तर दिले. त्या काळच्या समाजाच्या मर्यादांत दिले, पण निःसंदिग्धपणे दिले. १९७८ ते २०१३ या पस्तीस वर्षांत आपला कायदा देसाईगंजच्या त्या मुलीमुळे आणि तिच्यासाठी रस्त्यावर उतरलेल्या स्त्रियांमुळे त्याच उत्तराकडे बराच सरकला.

उरलेले काम न्यायालयांइतकेच आपलेही आहे. विहारात तिसरे आणि चौथे शील एकामागून एक म्हटले जाते. ती दोन शीले या विषयात एकत्र येतात : बळजोरीने घेतलेला देह आणि खोट्या शब्दाने घेतलेला देह यांत मार्गाचा भेद आहे, पण दोहोंत स्त्रीचे मन डावललेले असते. बालसंस्कार वर्गात आणि धम्मवर्गात हे मुलांना, विशेषतः मुलग्यांना, स्पष्ट शब्दांत शिकविले जावे. उप्पलवण्णेच्या प्रकरणात संघाने तिचे म्हणणे ऐकले आणि त्यावर विश्वास ठेवला. आपल्या वस्तीतील मुलगी काही सांगावयास येईल तेव्हा तिचेही प्रथम ऐकून घेतले जावे.